सकाळी सकाळी गाडी किंचाळते? बेल्टच्या आवाजाचा माग असा काढा

जुलैतली सकाळ, रात्रभर रिपरिप झालेली. चावी फिरवली, इंजिन लागलं आणि पाठोपाठ बोनेटखालून अशी लांब 'चीऽऽऽ' निघाली की समोरच्या वहिनी तोंडात ब्रश तसाच धरून गॅलरीत आल्या. सात-आठ सेकंदांत आवाज आपोआप थांबला. संध्याकाळी कामावरून निघताना कसला आवाज नाही. गॅरेजला नेली तर तिथं गाडी म्हणजे गरीब गाय. फिटर माझ्याकडं बघतोय, मी गाडीकडं.

माझ्या बारा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकनं हा प्रकार तीन पावसाळे केला. त्यात मी दोन बेल्ट बदलले. दोन्ही चांगले होते आणि दोन्ही वेळा महिना-दीड महिन्यात आवाज परत आला. शेवटी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या फिटरमामांनी बोनेट उघडायच्या आधीच विचारलं, "बॅटरी कधी बदललीसा?" मी म्हटलं, मामा, बॅटरीचा काय संबंध, बेल्ट ओरडतोय. त्यावर ते म्हणाले, "बेल्ट बोंबलतोय म्हणून बेल्टलाच कशाला धरताय? त्याला कोण चिमटा काढतंय ते बघा की."

हा सगळा लेख त्या एका वाक्याची फोड आहे. ज्यांनी आजवर बोनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय, त्यांच्यासाठी. यातलं निम्मं काम घरी, पाना न धरता होतं. उरलेलं गॅरेजमध्ये करून घेतलं तरी नेमकं काय करायचं ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर माझ्यासारखे दोन बेल्ट जास्तीचे घ्याल.

हा बेल्ट करतो काय

इंजिनच्या एका अंगाला, बहुतेक छोट्या गाड्यांत उजव्या किंवा डाव्या चाकाच्या बाजूला, तीन-चार पुल्या आणि त्यांच्यावरून गेलेला काळा रबरी बेल्ट दिसेल. खालची मोठी पुली क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची, तीच सगळ्यांना ओढते. त्यावर गाडीची वीज तयार करणारा अल्टरनेटर फिरतो (जुने फिटर त्याला अजून डायनामो म्हणतात), एसीचा कॉम्प्रेसर फिरतो, काही गाड्यांत इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंपही, आणि ज्या जुन्या गाड्यांत तेलावरचं पॉवर स्टिअरिंग आहे तिथं त्याचा पंपही. काही गाड्यांत एकच लांब बेल्ट सगळीकडून वळसे घेत जातो, काहींत दोन वेगळे असतात. आपल्याकडं बिलावर सर्रास 'फॅन बेल्ट' लिहितात. पूर्वी रेडिएटरचा पंखा याच बेल्टवर चालायचा, तेव्हाचं नाव राहिलंय. आता बहुतेक छोट्या गाड्यांत पंख्याला स्वतःची मोटर असते.

टायमिंग बेल्ट ही वेगळी वस्तू. तो कव्हरच्या आत झाकलेला असतो, आणि त्याला घरी हात लावायचा नाही. या लेखात त्याचा पुन्हा उल्लेखही नाही.

आता सकाळीच का? रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारला की बॅटरीतून दणदणीत करंट जातो. इंजिन लागल्या क्षणी अल्टरनेटर ती भरपाई करायला लागतो. त्यात आपण हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असं सगळं चालू ठेवलेलं असतं. समजा अल्टरनेटरनं १४ व्होल्टला ७० अँपिअर दिले, तर ते जवळपास १,००० वॅट झाले, म्हणजे घरातली इस्त्री चालवल्यासारखं. आणि तेवढी वीज काढायला बेल्टला त्याहून बरंच जास्त ओढावं लागतं, कारण अल्टरनेटर मिळालेल्या ताकदीतली पुष्कळशी उष्णतेत घालवतो. या सगळ्या पुल्यांत अल्टरनेटरची पुली सर्वांत लहान. बेल्टची तिच्यावरची मिठीही छोटी. भार जास्त आणि पकड कमी, म्हणून बेल्ट तिथंच घसरतो. घसरणारं रबर ओरडतं, ओल्या फरशीवर नवी चप्पल ओरडते तसंच. दहा-पंधरा सेकंदांत बॅटरीची पहिली भूक भागते, बेल्ट गरम होतो, आवाज बंद.

इथं कोल्हापूरची एक गोष्ट लक्षात घ्या. इंटरनेटवर या आवाजाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक बर्फाच्या देशातलं असतं: थंडीनं रबर कडक होतं, म्हणून आवाज. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेही रबर दगड व्हावं इतकी थंडी नसते. आपला खरा त्रास ओलाव्याचा. पावसाळ्याचे चार महिने आणि पुढं हिवाळ्यात पंचगंगेच्या, रंकाळ्याच्या बाजूला पडणारं धुकं आणि दव. बेल्टवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि पहिली काही सेकंदं पकड सुटते. त्यामुळं अगदी नव्या, निरोगी बेल्टनंही भर पावसाळ्यात सकाळी एखादा सेकंद 'चिक्' केलं तर घाबरायचं कारण नाही. तीन-चार सेकंदांच्या वर गेला, किंवा कोरड्या दिवशीही आला, तर मात्र कामाला लागा.

पहिले दोन दिवस: नुसतं ऐका

लगेच गॅरेजला पळू नका. तिथं पोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि पुरावा पुसला जातो. त्याऐवजी घरातल्या कुणाला तरी चावी द्या, बोनेट उघडं ठेवा, हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. हातभर लांब उभं राहून. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बोनेटजवळ नको. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहू नका, गाडी बाहेर काढा.

आवाज कधी सुरू झाला आणि कधी थांबला हे कागदावर लिहा. निम्मं निदान एवढ्यात होतं.

चावी फिरवलेली असतानाच, किंवा इंजिन लागून चावी सोडल्यावर अर्ध्या सेकंदापुरतं धातूवर धातू घासल्यासारखं 'खर्रर' झालं, तर तो बेल्ट नव्हेच. सेल्फचा दातेरी चाकाचा भाग फ्लायव्हीलमधून, म्हणजे इंजिनच्या जड चाकातून, वेळेवर मागं सरत नाही. सेल्फचं काम करणाऱ्याकडं जा, बाकीचा लेख सोडून द्या.

इंजिन लागल्यावर सुरू झालेली लांब, सलग, उंच 'चीऽऽ', जी रेस दिली की वाढते आणि काही सेकंदांत मरते, ती बेल्ट घसरल्याची. सर्वांत जास्त वेळा हीच असते.

सलग नाही, तर 'चिक्-चिक्-चिक्' असा चिमणीसारखा, तालात, आणि रेसबरोबर जलद होणारा आवाज म्हणजे बेल्ट घसरत नाही, पण पुल्या एका रेषेत नाहीत किंवा बेल्टच्या कण्यांत (आतल्या अंगाला लांबीभर असलेल्या उभ्या धारांत) खडा, चिखल अडकलाय. पहिली 'चीऽऽ' आणि ही चिकचिक यांतला फरक कान देऊन ओळखा, कारण दोघांचा उपाय वेगळा. चिकचिकीवर बेल्ट जास्त ताणला तर आवाज तसाच राहतो आणि बेरिंगं तेवढी जातात.

घरघर, गुरगुर, किंवा गरम झाल्यावरही न थांबणारी बारीक शिट्टी असेल तर बेरिंगकडं संशय न्या.

क्लच दाबल्यावर आवाज आला आणि सोडल्यावर गेला, तर क्लचचं रिलीज बेरिंग. आणि गाडी हलल्यावर, पहिल्या एक-दोन ब्रेकला किरकिर झाली तर रात्रीतून डिस्कवर आलेला पातळ गंज. पावसाळ्यात रोजचा पाहुणा, दोन ब्रेकमध्ये जातो. यावर पैसे खर्च करू नका.

दुसऱ्या दिवशी एक छोटी परीक्षा. आवाज थांबून गाडी शांत झाली की हेडलाइट लावा, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा हीटर, एसी चालू करा. मग उभ्या गाडीतच स्टिअरिंग एका टोकापर्यंत क्षणभर वळवा. यातल्या कशानंही 'चीऽऽ' परत आली, तर बेल्ट भाराखाली घसरतोय हे नक्की. स्टिअरिंग विजेवरचं असलं तरी ही परीक्षा लागू पडते, कारण त्याची मोटर करंट ओढते आणि तो भार फिरून अल्टरनेटरवरच येतो. एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर आधी कॉम्प्रेसरचा बेल्ट आणि त्याची पुली बघा.

टॉर्च घेऊन बेल्टचं तोंड बघा

इंजिन बंद, चावी काढून खिशात. गाडी नुकतीच चालवलेली असेल तर अर्धा तास थांबा, कारण विजेवरचा पंखा गरम गाडीत चावी काढल्यावरही अचानक फिरू शकतो.

बेल्टची कण्यांची बाजू बघायची आहे. ती पुल्यांना चिकटलेली असते, म्हणून दोन पुल्यांच्या मधल्या मोकळ्या भागात बोटांनी बेल्ट थोडा पिळून टॉर्च मारा. आरशासारखी चकाकी दिसली तर बेल्ट घसरून घसरून भाजलाय. कडेचे दोरे सुटले असतील, कण्याचा तुकडा उडाला असेल, तर बदलायचाच.

भेगांबद्दल एक गैरसमज आहे. जुन्या रबराच्या बेल्टला म्हातारपणी आडव्या भेगा पडायच्या, इंचात तीन-चार दिसल्या की बदलायचा असा ठोकताळा होता. आताचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे. त्यांना भेगा सहजी पडतच नाहीत, ते टायरसारखे झिजतात. त्यामुळं 'भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला' हे आता खरं नाही. नवा बेल्ट पुलीच्या खाचांत बसल्यावर त्याची पाठ पुलीच्या कडेपेक्षा जराशी वर राहते. कडेच्या बरोबरीला किंवा खाली गेली असेल तर कणे झिजलेत आणि कितीही ताण दिला तरी पकड येणार नाही.

मग बेल्टला बोट लावून वास घ्या. तेलकट आहे का? वरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून ऑइल पाझरून खाली येतं, हे जुन्या गाड्यांत फार होतं. रंगीत, वाळलेले पांढुरके-हिरवे डाग आणि गोडसर वास असेल तर कूलंट गळतंय, आणि तो माग वॉटर पंपापर्यंत जाऊ शकतो. गळती न थांबवता नवा बेल्ट घालणं म्हणजे चिखलात नवे बूट. ऑइल प्यायलेलं रबर फुगतं आणि पुसून पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

ताण बघायला दोन पुल्यांमधला सर्वांत लांब भाग निवडा आणि मध्यभागी अंगठ्यानं जोरात, साधारण १० किलोच्या दाबानं, दाबा. छोट्या गाड्यांत तो ढोबळमानानं ६ ते १० मिलिमीटर खाली जायला हवा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो, तोच खरा धरा. बेल्ट बोटांत नव्वद अंशांच्या पुढं सहज पिळला जात असेल तर ढिला. ज्या गाडीत स्प्रिंगचा आपोआप ताण देणारा टेन्शनर आहे तिथं हा अंगठ्याचा हिशोब चालत नाही. तिथं टेन्शनरवरची खूण दिलेल्या हद्दीत आहे का आणि इंजिन चालू असताना त्याचा हात थरथर उडतोय का, एवढंच बघायचं. उडत असेल तर स्प्रिंग थकलीय.

पाण्याची परीक्षा

हे मला सर्वांत आवडतं, कारण यात फुकटात उत्तर मिळतं. कोरड्या दिवशी करा. इस्त्रीसाठी कपड्यांवर पाणी मारायची बाटली घ्या, साधं पाणी भरा. इंजिन मंद चालू असताना बेल्टच्या कण्यांच्या बाजूवर लांबून, थोडंसंच फवारा. बाटली आणि हात बेल्टच्या कचाट्यात जाणार नाहीत एवढं अंतर हवं, आणि वायरिंगच्या सॉकेटवर धार नको.

पाणी पडताच आवाज वाढला तर पकड कमी आहे: ताण, झिजलेला बेल्ट, किंवा जास्तीचा भार. पाणी पडताच आवाज काही सेकंद गप्प झाला आणि पाणी उडाल्यावर परत आला तर पुल्या रेषेत नाहीत. रेषेचं काम घरी होत नाही, ते गॅरेजला सांगा. पण सांगताना 'पाणी मारलं की थांबतो' हे शब्द वापरा. जाणत्या फिटरला एवढ्यात कळतं की तुम्ही बेल्ट बदलून घ्यायला आलेला नाही.

याच ठिकाणी लोक साबणाची वडी, पावडर, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे यांच्या नादी लागतात. मीही लागलो होतो. पहिल्या पावसाळ्यात एका मित्राच्या सांगण्यावरून कपड्याच्या साबणाची कड फिरत्या बेल्टला लावली. आवाज लगेच बंद, मी खूश. चार दिवसांनी पुलीच्या खाचांत करड्या रंगाचा खरवडा बसलेला, आणि आवाज पूर्वीपेक्षा मोठा. साबण काय किंवा बेल्टसाठी म्हणून बाटलीत विकतात ते चिकट औषध काय, आवाज दाबतं आणि कारण झाकतं. त्यावर धूळ बसते, आणि उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर धुळीला तोटा नसतो.

बेरिंग, आणि पुरातल्या गाड्या

बेरिंगचा आवाज शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर किंवा लाकडी दांडकं घ्या. इंजिन चालू असताना एक टोक अल्टरनेटरच्या स्थिर अंगावर टेका, दुसरं कानाच्या मागच्या हाडाला. फिरत्या भागाला टेकवायचं नाही. चांगलं बेरिंग सुळसुळ बोलतं, खराब झालेलं वाळूत चाक फिरल्यासारखं. मग आयडलर (बेल्टला नुसतं वळण देणारी पुली), टेन्शनर, वॉटर पंप एकेक करून ऐका.

अजून खात्री हवी तर बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हातानं फिरवायची. खडखड, अडखळणं, किंवा पुली हलवली की डुगडुगणं, यातलं काही चालत नाही. बेल्ट काढण्याआधी तो कुठून कसा गेलाय याचा फोटो काढा. मी एकदा काढला नव्हता आणि अर्धी रविवार दुपार तीन पुल्यांकडं बघण्यात घालवली. बेल्ट नसताना इंजिन अर्धा मिनिट चालवून आवाज गेला का बघता येतं, पण त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर तेवढ्यावरच थांबा. बॅटरीचा लाल दिवा लागेल, तो अपेक्षितच आहे.

आपल्याकडं बेरिंगला एक खास शत्रू आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेलं, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरसारख्या भागांत शिरलं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या धुऊन पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात पिठासारखा बारीक गाळ असतो. तो बेरिंगच्या रबरी सीलच्या आत गेला की ग्रीसचा चिखल होतो. म्हणून जुनी गाडी घेतली असेल आणि एकाच वेळी दोन-तीन पुल्या गुरगुरत असतील तर मालकाला पुराचं विचारा. सीटखालचे रूळ आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचा शेवटचा भाग बघा, गाळाची रेघ तिथं राहते.

बेरिंगच खराब निघालं तर अख्खा अल्टरनेटर बदलायची घाई करू नका. उद्यमनगरात बसलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण नव्यानं गाडी घेतलेल्यांना सांगतो: बेरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि त्या नंबरवर ते सुटं मिळतं. ६२०३ असेल तर आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, रुंदी १२. ६३०३ चं भोकही १७, पण बाहेरून ४७. नंबरापुढं 'टू आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. अल्टरनेटरसाठी गरमी सोसणारंच मागा. बेरिंग बाहेर काढून त्याच मापाचं दाबून बसवणारे कारागीर या शहरात गल्लीगल्लीत आहेत. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या गावात राहण्याचा हा फायदा. ज्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरला एकाच दिशेनं ओढणारी क्लचवाली पुली असते तिथं मात्र ती पुली अडकली का हे वेगळं तपासावं लागतं, आणि तिला काढायला खास पाना लागतो.

बॅटरी, म्हणजे माझ्याकडचा खरा चोर

तीनेकशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी सेल्फ मारण्याआधी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा खाली जातोच, पण साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकलीय. इंजिन लागल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला हा आकडा मुद्दाम वरखाली करतात, तिथं एका मापावर निकाल देऊ नका.

माझ्या गाडीत सकाळी १२.१ निघाले. बॅटरी चार वर्षांची, वर एका टर्मिनलवर पांढरट-हिरवा बुरा. गाडी मुकाट सुरू होत होती, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. पण प्रत्येक सकाळी ती अर्धपोटी बॅटरी अल्टरनेटरला पिळून काढत होती, अल्टरनेटर बेल्टला, आणि बेल्ट अख्ख्या कॉलनीला.

बुरा दिसला तर आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढा, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, लाल आधी जोडा, काळी शेवटी, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. हातमोजे घाला आणि तो बुरा डोळ्याला लागू देऊ नका.

नव्या बॅटरीनंतर माझा आठ सेकंदांचा आवाज दोन सेकंदांवर आला. उरलेले दोन सेकंद ताणाचे होते.

ताण देणं

हे स्लॉट आणि बोल्टवाल्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांसाठी. आपोआप टेन्शनर असेल तर ताण देण्याची गोष्टच नाही. टेन्शनर खराब असेल तर तो बदलायचा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची काळी वायर काढा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत चावी काढलेली असतानाही करंट असतो, आणि तिथं पाना बॉडीला टेकला तर ठिणगीत पाना चिकटतो. अल्टरनेटर खाली एका बोल्टवर झुलतो आणि वर एका वाकड्या पट्टीतल्या लांब खाचेत दुसऱ्या बोल्टनं अडकवलेला असतो. बहुतेक छोट्या गाड्यांत बारा आणि चौदाच्या पान्यात काम भागतं. दोन्ही बोल्ट ढिले करा, पूर्ण काढू नका. ताण द्यायचा वेगळा लांब बोल्ट असेल तर तो हळूहळू आवळा. नसेल तर टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) अल्टरनेटर बाहेर रेटून धरायचा आणि वरचा बोल्ट कसायचा. टॉमी अल्टरनेटरच्या पातळ ॲल्युमिनियमच्या जाळीवर कधीही टेकू नका, ती तडकते. जाड कान शोधा. मग अंगठ्यानं ताण बघा, खालचा बोल्ट कसा, परत एकदा अंगठा.

'थोडा जास्तच देऊया, आवाज नको' हा मोह होतो. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला बेल्ट ओरडत नाही हे खरं, पण काही महिन्यांत अल्टरनेटरचं किंवा वॉटर पंपाचं बेरिंग जातं. गप्प बेल्टच्या बदल्यात गुरगुरणारा पंप.

बेल्ट बदलायचाच ठरला तर जुन्याच्या पाठीवरचा नंबर घेऊन दुकानात जा. समजा ४पीके८५५ लिहिलंय, तर चार कणे आणि लांबी ८५५ मिलिमीटर. 'पाच मिलिमीटर लांब आहे, चालतंय' असं दुकानदार म्हणाला तर परत फिरा. नवा घालण्याआधी पुलीच्या खाचा नायलॉनच्या ब्रशनं कोरड्या घासून घ्या, आणि कणे पुलीच्या खाचांत बरोबर बसलेत, एक खाच इकडंतिकडं सरकलेली नाही, हे बोटानं चाचपून बघा. माझे दोन्ही बेल्ट नीट बसवलेले होते. चूक पुढं झाली. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत खाचांत मुरतो आणि ढिला पडतो. पाचेकशे किलोमीटरनंतर त्याचा ताण पुन्हा बघायचा असतो. मला ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

किती दिवस असंच चालवू?

नुसती सकाळची दोन सेकंदांची चीऽऽ असेल तर आठवडाभर थांबून निवांत तपासा. पण बेल्टचे दोरे सुटले असतील, जळक्या रबराचा वास येत असेल, किंवा चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा मिणमिणत असेल तर गगनबावड्याला धबधबे बघायला निघू नका. करूळ घाटात पावसात बेल्ट तुटला तर अल्टरनेटर बंद, मग वायपर आणि दिवे बॅटरी संपेपर्यंतचे सोबती. तेलावरचं स्टिअरिंग असेल तर ते क्षणात दगड होतं. आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर तापमानाचा काटा चढायला लागेल. तिथं गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. 'पायथ्यापर्यंत जाऊया' म्हणालात तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सीलची पट्टी, जातं, आणि तो खर्च बेल्टच्या कित्येक पट.

गॅरेजला जायचं ठरलं तर गाडी आदल्या रात्रीच तिथं सोडा आणि सांगा, सकाळी माझ्यासमोर सुरू करा. व्हिडिओ दाखवा. पाण्याच्या परीक्षेचा निकाल आणि मल्टिमीटरचे आकडे सांगा. 'बेल्ट बदला' असं म्हणू नका, 'आवाज का येतोय ते बघा' म्हणा. पहिल्या वाक्यावर बेल्ट बदलला जातो, दुसऱ्यावर बोनेट उघडतं. बदललेला जुना बेल्ट मागून घ्या. तुटलेला नसेल तर पिशवीत घालून बारा-चौदाच्या पान्यांबरोबर डिकीत टाका, पिशवीवर मार्करनं नंबर लिहून. माझा अजून तिथंच आहे, दोन्ही.